वादळाची सूचना आणि गरिबाची ऐपत

दसरा उलटला, कोजागिरीचे दूध पिऊन झाले आणि छत्र्या माळ्यावर गेल्या, की आमचा भिवंडीकर आभाळाकडे पाहावयाचे सोडून देतो. पाऊस गेला म्हणजे वादळाचेही भय गेले, आता पुढच्या ज्येष्ठापर्यंत निवांत झोपावे, असा त्याचा पक्का समज आहे. हा समज एकट्या सामान्य मनुष्याचा असता तर त्यावर अग्रलेख लिहिण्याचे कारण पडले नसते. परंतु शहराचा कारभारही याच समजावर चालतो. नाले साफ करावयाचे ते वैशाखात, मोडकळीस आलेल्या इमारतींस नोटिसा लावावयाच्या त्या वैशाखात, नियंत्रण कक्ष जागता ठेवावयाचा तो पावसाळ्याचे चार महिने. दिवाळी आली की हे सर्व दप्तर बांधून ठेवले जाते आणि साफ केलेले नाले पुन्हा चिंध्यांनी व प्लास्टिकने भरू लागतात. कार्तिक-मार्गशीर्षात वादळ येणारच नाही, असा करार समुद्राने आमच्याशी केलेला आहे काय, एवढाच आमचा पहिला प्रश्न आहे.

इतिहास तर याच्या उलट सांगतो. अरबी समुद्रात वादळे उठण्याचे दोन हंगाम आहेत. एक पावसाळ्याच्या तोंडी, वैशाख-ज्येष्ठात, आणि दुसरा पावसाळा सरल्यावर, आश्विनापासून मार्गशीर्षापर्यंत. १९४८ च्या नोव्हेंबर महिन्यात मुंबई बेटास ज्या वादळाने झोडपून काढले, ते दिवाळीनंतरचे वादळ होते. २००९ च्या ११ नोव्हेंबरला ‘फयान’ अलिबाग व मुंबई यांच्या दरम्यान किनाऱ्यावर चढले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील कित्येक मच्छीमार घरी परतले नाहीत. २०१७ सालची गोष्ट तर शाळकरी मुलांच्याही स्मरणात आहे. दत्तजयंती होऊन दोनच दिवस झाले होते, लोकांनी लोकरीचे कपडे बाहेर काढले होते, आणि ५ डिसेंबर रोजी मुंबई-ठाण्याच्या शाळांस पावसासाठी सुट्टी द्यावी लागली. ते ‘ओखी’ वादळ कन्याकुमारीपाशी उठून, तामिळनाडू व केरळच्या शेकडो कोळ्यांस गिळून, सारा समुद्र चढून आमच्या दारापर्यंत आले होते. दैव बलवत्तर म्हणून दक्षिण गुजराथेच्या किनाऱ्याकडे जाता जाता ते विरले. पौर्णिमेचे उधाण अद्याप ओसरले नव्हते. तशा भरतीत तेच वादळ पूर्ण जोराने शिरते तर काय झाले असते, याचा विचार त्यानंतर कोणत्या सभेत झाला असल्यास आम्हांस तो ऐकावयास मिळालेला नाही. ज्या समुद्रात सालोसाल एखाद-दुसरेच चक्रीवादळ उठावयाचे, त्यात २०१९ या एकाच वर्षी पाच उठली, आणि त्यांतील शेवटची डिसेंबरातली. समुद्राचे पाणी पूर्वीपेक्षा तापू लागले आहे व वादळास तेच इंधन पुरते, असे शास्त्रज्ञ सांगतात. तेव्हा आजोबांच्या आठवणींवर नातवाचे रक्षण होईल, ही आशा आता सोडलेली बरी.

यावर दुसरा एक समज पुढे केला जातो. समुद्र वसईला आहे. भिवंडी कोठे समुद्रावर आहे? हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा कशेळीच्या किंवा काल्हेरच्या खाडीकाठी भरतीच्या वेळी उभे राहून पाहावे. खाडीच्या मुखापासून हे शहर पंचवीस-तीस किलोमीटरांवर आहे खरे, परंतु भरतीला ते अंतर दिसत नाही. १६५७ साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीकाठी आरमाराचा पाया घातला, तो समुद्र येथवर येतो म्हणूनच. कामवारी नदीचे पाणी याच खाडीला मिळते. वरून पाऊस आणि खालून भरती अशी दोहोंची गाठ पडली म्हणजे नदीला जावयास वाट उरत नाही. मग ती नदीनाक्यापाशी, ईदगाहच्या वस्तीत आणि तीनबत्तीच्या बाजारात आपली वाट करून घेते. पावसाळ्यात हे आम्ही पुनःपुन्हा पाहिले आहे. वादळाचा वारा खाडीत पाणी रेटून धरील तेव्हा तेच पाणी कार्तिकातही चढेल. त्याला पंचांग पाहावयाचे कारण नाही. शिवाय वारा खाडीच्या वाटेनेच येतो असे नाही. २०२० च्या ३ जूनला श्रीवर्धनच्या बाजूने चढलेले ‘निसर्ग’ सह्याद्री ओलांडून पुणे व नाशिक जिल्ह्यांपर्यंत गेले. २०२१ च्या मे महिन्यातील ‘तौक्ते’ किनाऱ्यास न लागता शंभराहून अधिक किलोमीटर दुरून निघून गेले, तरी कुलाब्यास वाऱ्याचा वेग ताशी ११४ किलोमीटर मोजला गेला. त्या मानाने भिवंडी समुद्राच्या उंबरठ्यावरच आहे.

आणि हे शहर कशाचे बनलेले आहे? अर्धे पत्र्याचे आणि अर्धे जुन्या सिमेंटाचे. यंत्रमागांच्या खोल्यांवर पत्रा, मजुरांच्या चाळींवर पत्रा, गोदामांच्या अफाट शेडांवर पत्रा. वादळात सुटलेला पत्रा तलवारीसारखा चालतो, हे कोंकणात निसर्ग वादळानंतर ज्यांनी पाहिले त्यांस सांगावे लागत नाही. राहता राहिले सिमेंटाचे घर. पटेल कंपाउंडातील जिलानी इमारत २०२० च्या २१ सप्टेंबरला पहाटे रहिवासी झोपेत असताना कोसळली आणि सुमारे चाळीस माणसे गेली. ती १९८४ साली बांधलेली होती. वळपाड्याची इमारत २०२३ च्या एप्रिलात भर दुपारी बसली आणि आठ जीव गेले. या दोन्ही दिवशी वादळ नव्हते. जी घरे स्वतःच्याच भाराने पडतात ती ताशी शंभर किलोमीटर वाऱ्यापुढे किती वेळ उभी राहतील? घाटकोपरचा तो प्रचंड जाहिरातफलक २०२४ च्या १३ मे रोजी सोसाट्याच्या वाऱ्याने पेट्रोलपंपावर आडवा झाला व १७ माणसे मेली. तेही चक्रीवादळ नव्हते, वळवाचा वारा होता. आमच्या नाक्यानाक्यांवर उभे असलेले फलक कोणत्या पायावर उभे आहेत, हे तपासण्यास वादळाची वाट पाहावी काय?

हिवाळ्यातील वादळाची एक गोष्ट मात्र पावसाळ्याहून निराळी आहे आणि तिकडे कोणाचेच लक्ष नाही. दिवाळी झाली की जव्हार-मोखाड्याकडची आणि आसपासच्या पाड्यांवरची आदिवासी कुटुंबे, विशेषतः कातकरी, वीटभट्ट्यांवर कामास येतात. भट्टीच्या कडेला, बहुधा नदी-ओढ्याच्या काठी, गवताच्या व प्लास्टिकच्या झोपड्यांत बायका-मुलांसह ती ज्येष्ठापर्यंत राहतात. पावसाळ्यात ती येथे नसतात. म्हणून पावसाळ्यासाठी केलेल्या कोणत्याही यादीत त्यांचे नाव नसते. मतदारयादी त्यांच्या गावी, शिधापत्रिका त्यांच्या गावी, आणि देह मात्र आमच्या खाडीकाठी! वादळाने त्यांस ओढून नेले तर कोण गेले हेसुद्धा आम्हांस मुकादमाच्या वहीवरून शोधावे लागेल. हीच गोष्ट तालुक्यातील शेतकऱ्याची. कापलेले गरवे भात त्या दिवसांत शेतात पसरलेले किंवा खळ्यावर रचलेले असते. एका रात्रीच्या पावसाने वर्षाचे धान्य शेतात काळे पडते. त्यास दोन दिवस आधी कळले आणि भारे हलविण्यास एखादी गाडी व रचावयास कोरडी जागा मिळाली तर तो वाचतो.

दोन दिवस आधी कळणे आज अशक्य नाही, आणि हीच आमच्या काळाची थोरवी आहे. १९४८ साली वादळ अंगावर आल्यावर कळत असे. आज हवामान खात्याची व्यवस्था अशी आहे की वादळाची पहिली जाणीव ७२ तास आधी दिली जाते, सावधानतेची सूचना ४८ तास आधी, पक्का इशारा २४ तास आधी, आणि जमिनीवर चढल्यावर ते कोणत्या जिल्ह्यातून जाईल हे १२ तास आधी. पिवळा, नारिंगी, तांबडा असे रंग ठरलेले आहेत आणि ते प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलवर येतात. तेव्हा सरकारने सूचना दिली नाही, हे गाऱ्हाणे आता सहसा टिकणारे नाही. आमचे म्हणणे याहून वेगळे आहे. सूचना मिळणे एक आणि ती पाळण्याची ऐपत असणे दुसरे. ‘सुरक्षित स्थळी जावे’ असे तांबड्या अक्षरांत लिहिणे सोपे आहे. ज्याला ते लिहिले आहे त्याला घर सोडण्याची छाती का होत नाही, याचा शोध घेणे कठीण आहे. आणि तो घेतल्याशिवाय भिवंडीत वादळाची कोणतीही तयारी पुरी होणार नाही.

वकिलीच्या धंद्यात आम्हांस एक मनुष्य वारंवार भेटतो. त्याचे नाव निराळे, मोहल्ला निराळा, परंतु गोष्ट एकच. ज्या खोलीत तो राहतो तिच्या भिंतीस बोट जाईल एवढी भेग आहे. नोटीस दारावर चिकटविलेली आहे. तो ती वाचू शकतो व तिचा अर्थही त्यास समजतो. तरीही तो खोली सोडीत नाही, कारण त्याच्या मते भिंत कदाचित पडेल, परंतु खोली सोडली तर ती खात्रीने जाईल. मालक कुलूप घालील, इमारत पाडून नवी बांधील, आणि भाड्याची पावती हातात नसलेल्या या मनुष्यास पुन्हा आत घेण्यास कोणी बांधलेले राहणार नाही. कोणी त्यास अडाणी म्हणो, आम्ही म्हणणार नाही. त्याने दोन संकटांचा हिशेब मांडलेला आहे आणि त्याच्या अनुभवाप्रमाणे तो बरोबर आहे. कायदा याबाबतीत त्याच्या समजुतीइतका कठोर नाही. सांगलीच्या एका खटल्यात २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट सांगितले की, महापालिकेने इमारत पाडली एवढ्याने भाडेकरूचा हक्क नष्ट होत नाही. परंतु दिल्लीचा निवाडा शांतिनगरच्या खोलीपर्यंत चालत येत नाही. त्यास कागद लागतो. म्हणून आमची पहिली मागणी अशी की, महापालिकेने धोकादायक इमारतींची व पाण्याखाली जाणाऱ्या वस्त्यांची खोलीवार नोंद दिवाळीपूर्वी करावी. कोण राहतो, किती वर्षे राहतो, किती चौरस फुटांत राहतो हे लिहून शिक्क्यानिशी एक चिठ्ठी त्याच्या हाती द्यावी, आणि वादळासाठी घर सोडल्याने त्याच्या हक्कास बाध येणार नाही असे त्या चिठ्ठीवर छापावे. मालकी कोणाची, बांधकाम अधिकृत की अनधिकृत, या वादाचा निकाल त्या चिठ्ठीने होणार नाही व होण्याचे कारणही नाही. राहणारा राहात होता, एवढाच पुरावा ती देईल. आणि तेवढ्या पुराव्यावर एक मनुष्य आपली मुले घेऊन रात्री पायऱ्या उतरेल.

दुसरे भय मजुरीचे. यंत्रमागावरील कामगाराची मजुरी मालावर असते; माग चालला तर पैसा, थांबला तर उपास. उत्तरेकडून आलेला हा कामगार दर महिन्यास घरी पैसे पाठवितो आणि भिशीच्या खानावळीचे देणे त्याच्या डोक्यावर असते. तांबडा इशारा लागला तरी तो माग सोडून जात नाही; पत्र्याखाली, विजेच्या तारांच्या जंजाळात, पाणी घोट्यापर्यंत येईतो उभा राहतो. कारखानदारही सगळेच धनाढ्य आहेत असे नाही. चार-सहा माग भाड्याने चालविणारा स्वतःच सुताच्या भावाने आणि विजेच्या बिलाने जेरीस आलेला असतो. तरी एका दिवसाची अर्धी मजुरी देणे एखाद्या कामगाराच्या मृत्यूनंतरच्या भरपाईपेक्षा पुष्कळ स्वस्त आहे, हे त्यास कळण्यासारखे आहे. आमची दुसरी सूचना अशी की, तांबड्या इशाऱ्याच्या दिवशी माग बंद राहतील आणि त्या दिवसाची ठराविक मजुरी मिळेल, असा ठराव कारखानदारांच्या संघटनांनी कामगारांच्या प्रतिनिधींसह बसून आताच करावा व त्याचा काही भार सरकारने उचलावा. वर्षातून असा एखादाच दिवस येईल, कदाचित येणारही नाही. गोदामांच्या मालकांचे काम याहून सोपे आहे. त्यांनी हमालांस वेळेवर सोडावे, पत्र्यांचे आकडे व गज कसून घ्यावेत, आणि रसायनांचे पिंप खाडीच्या पाण्याच्या उंचीवर ठेवावेत. कांदळवने तोडून भराव टाकून ज्यांनी गोदामे उभारली, त्यांनी पाण्याची वाट अडविली आहे. त्या पापाचा हिशेब निराळा मांडावा लागेल, परंतु वादळाच्या रात्री तो मांडून उपयोग नाही.

तिसरे भय चीजवस्तूंचे आणि चौथे ‘जावे कोठे’ याचे. ही दोन्ही एकाच उपायाने जातात. प्रत्येक प्रभागात एक शाळा, एक मंगल कार्यालय, एक मजबूत गोदाम अशी जागा आधीच ठरलेली असावी. किल्ली कोणाकडे आहे हे सर्वांस ठाऊक असावे. बायकांसाठी निराळी सोय, पाणी, दिवा, लहान मुलांचे दूध आणि शौचकूप ही तेथे असावीत. आणि रिकाम्या वस्तीवर पहारा ठेवावा. शाळेचा पत्ता वादळाच्या रात्री शोधावयाचा नसतो. तहान लागल्यावर विहीर खणू नये, ही म्हण आपण लेकरांस शिकवितो आणि स्वतः मात्र विसरतो.

‘लोक ऐकतच नाहीत’ हे अधिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर आम्हांस माहीत आहे. लोक कोठे ऐकतात आणि कोठे ऐकत नाहीत हे पाहण्यासाठी त्यांनी पूर्व किनाऱ्याकडे नजर टाकावी. १९९९ च्या ऑक्टोबरात ओडिशावर जे महाचक्रीवादळ आले त्यात सुमारे दहा हजार माणसे मेली. त्या धक्क्याने त्या प्रांताने समुद्रकाठी पक्के निवारे बांधले, गावोगाव स्वयंसेवक शिकविले, आणि दर वर्षी वादळ आल्याचे नाटक करून सराव केला. २०१९ च्या ३ मे रोजी ‘फनी’ पुरीवर आदळले, तेव्हा बारा लाख लोक आधीच हलविले गेले होते. मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. ओडिशाचा शेतकरी आमच्या मजुरापेक्षा श्रीमंत नाही की अधिक शिकलेला नाही. बांगलादेशाचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १९७० च्या नोव्हेंबरात, म्हणजे ज्या महिन्यास आपण निर्भय समजतो त्याच महिन्यात, तेथे एका रात्रीत तीन ते पाच लाख माणसे बुडाली. त्यानंतर त्यांनी खेड्याखेड्यांत स्वयंसेवक नेमले. त्यांची संख्या आज सत्तर हजारांहून अधिक आहे, त्यांत स्त्रियाही मोठ्या संख्येने आहेत, आणि ते घरोघर जाऊन निशाण, कर्णा आणि तोंडी शब्द यांनी इशारा देतात. पुढे तितकीच भयंकर वादळे आली, परंतु मरणाचे आकडे लाखांवरून हजारांवर व हजारांवरून शेकड्यांवर आले. मनुष्य यंत्राच्या आवाजाने घर सोडीत नाही. ओळखीच्या माणसाने दार ठोठावले म्हणजे सोडतो.

ओळखीचा माणूस भिवंडीत कोठून आणावा? आमचे उत्तर असे की तो येथे एकदा निर्माण झालेला आहे. १९७० आणि १९८४ साली या शहराने दंग्यांची आग पाहिली. त्या राखेवर १९८८ च्या सुमारास पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या उभ्या केल्या. हिंदु, मुसलमान, मागवाले, फेरीवाले, शिक्षक, पोलीस शिपाई असे एका चटईवर बसू लागले. १९९२-९३ साली मुंबई जळत असताना, दंग्यांसाठी देशभर बदनाम असलेली भिवंडी शांत राहिली. ही गोष्ट आम्ही अभिमानाने सांगतो आणि तेवढ्यावरच थांबतो, हा आमचा दोष आहे. ज्या उपायाने माणसांच्या मनांतील वादळ आवरले तो समुद्राच्या वादळास लागू पडणार नाही असे कोण म्हणेल? त्याच समित्या पुन्हा बसवाव्यात आणि प्रत्येकीकडे शंभर-दीडशे घरे द्यावीत. म्हातारा कोण, अंथरुणास खिळलेला कोण, गरोदर कोण, हे समितीस पाठ असावे. पद्मानगरात तेलुगूत, निजामपुऱ्यात उर्दूत, मागांच्या वस्तीत हिंदीत, आणि खाडीकाठच्या आगरी-कोळ्यांच्या गावांत त्यांच्याच बोलीत इशारा सांगितला जावा. मशिदीचा भोंगा आणि देवळाची घंटा या कामी एकाच वेळी वाजल्या तर त्यात कोणाच्याही धर्मास उणेपणा नाही. भिशी चालविणाऱ्याला आपल्याकडे जेवणाऱ्या पन्नास माणसांची नावे तोंडपाठ असतात. त्यास समितीत घेतल्याशिवाय एकट्या राहणाऱ्या कामगारापर्यंत कोणतीच सूचना पोहोचणार नाही. आणि वीटभट्टीचा मुकादम? त्यास समितीपुढे हजर करून आपल्या झोपड्यांतील माणसांची यादी देण्यास भाग पाडावे.

हे सर्व कोणाच्या मेहेरबानीचे काम नाही. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरण नेमले, आणि त्याच कायद्याच्या ४१ व्या कलमाने स्थानिक संस्थेवर आपले अधिकारी व नोकर शिकवून तयार ठेवण्याची आणि साधने जय्यत राखण्याची जबाबदारी टाकली. मोडकळीच्या इमारतींबाबत महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६४ महापालिकेच्या हाती पूर्वीपासूनच आहे. जिलानी इमारत पडल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने आपण होऊन प्रकरण हाती घेतले आणि २०२२ च्या फेब्रुवारीत त्याचा निकाल दिला. त्या खटल्याच्या मथळ्यावर भिवंडीचे नाव कायमचे कोरले गेले आहे, आणि ते पुसावयाचे तर कृतीनेच पुसेल. २०२५ च्या दुरुस्तीने राज्य सरकारास महापालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी निराळे नागरी आपत्ती प्राधिकरण स्थापण्याची वाट मोकळी करून दिली आहे. मुंबई-पुण्यास ते मिळेलच; आमचे म्हणणे असे की ते जेथे संकट दाट आहे तेथे आधी मिळावे. कायदे पुष्कळ झाले. कायद्याची कलमे तिजोरीत ठेवण्याचे दागिने नव्हेत. ती चालविण्याची अवजारे आहेत, आणि अवजार वापरले नाही तर गंजते.

नागरिकांस मात्र आम्ही मोकळे सोडणार नाही. स्वराज्यात ‘सरकार काय करते?’ असे विचारण्याचा हक्क ज्यास आहे त्याच्यावर ‘मी काय केले?’ हे सांगण्याचेही ऋण आहे. प्रत्येक घराने शिधापत्रिका, भाड्याच्या पावत्या, मुलांचे दाखले आणि औषधाच्या चिठ्ठ्या एका प्लास्टिकच्या पिशवीत बांधून हाताशी ठेवाव्यात. दोन दिवसांचे पिण्याचे पाणी, चणे-गूळ, विजेरी आणि सेलवर चालणारा रेडिओ असावा. वीज गेली की मोबाईलही दिवसभरात मरतो, आणि निसर्ग वादळानंतर रायगडातील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात होती हे विसरू नये. गच्चीवरील टाक्या, पत्रे, कुंड्या बांधून टाकाव्यात. पाणी शिरू लागले की मेन स्विच पाडावा. तुटलेल्या तारेजवळ जाऊ नये. फलकाच्या, झाडाच्या व जुन्या भिंतीच्या आडोशास उभे राहू नये. लग्नसराईचे मांडव सैल दोरीने बांधणाऱ्यांनी इशारा लागताच कनाती उतरवाव्यात. आणि एक गोष्ट आवर्जून ध्यानात धरावी. वादळाचा डोळा माथ्यावरून जाताना वारा एकाएकी पडतो, आभाळही उघडते. तेव्हा वादळ गेले असे समजून जो बाहेर येतो त्यास उलट दिशेने येणारा वारा गाठतो. शांतता झाली तरी समितीचा निरोप येईपर्यंत दार उघडू नये.

खर्चाचा प्रश्न निघेल तो निघो. आम्ही मागितले काय? खोलीवार नोंदीच्या चिठ्ठ्या, एका दिवसाच्या मजुरीचा ठराव, शाळेची किल्ली, मोहल्ल्याच्या समित्या, आश्विनात एकदा नालेसफाई आणि नाक्यानाक्यावर भरती-ओहोटीचे वेळापत्रक. यांत धरण बांधावयाचे नाही की परदेशातून यंत्र आणावयाचे नाही. यांत लागते ते एवढेच की कारभाऱ्यांनी दिवाळीपूर्वी एक दिवस खाडीकाठच्या वस्त्यांतून पायी फिरावे आणि एक रात्र सरावासाठी द्यावी. कार्तिकातील एखाद्या रविवारी खोटा इशारा वाजवून पाहावा. किती दारे उघडली, किती माणसे शाळेपर्यंत आली, किल्ली सापडली की नाही, वीटभट्टीवर कोणी पोहोचले काय, याचा अहवाल छापून लोकांपुढे ठेवावा. पहिल्या वर्षी तो अहवाल लाजिरवाणा असेल; असू द्या. सरावाच्या दिवशी मान खाली घालावी लागली तरी चालेल. वादळानंतरच्या सकाळी ढिगाऱ्यापुढे खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठीच हा खटाटोप आहे.

भिंतीची भेग आणि हातातून जाणारी खोली, यांपैकी एकाची निवड करण्याची पाळी आम्ही आज हजारो माणसांवर आणली आहे. वादळ थांबविणे कोणाच्याच हाती नाही. ती पाळी त्या मनुष्यावर येऊ न देणे मात्र सर्वस्वी आपल्या हाती आहे, आणि यंदाची दिवाळी त्यासाठी दूर नाही.